सुला पगारे, आसरेची लेक

चांदवडहून येणारी एसटी बोरखळ्याच्या फाट्यावर सोडायची. पुढं दोन मैल पायी. बहात्तरच्या जूनमध्ये सुला सावळीराम पगारे ते दोन मैल चालत गेली ती जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू व्हायला. वय एकवीस, काखेत वळकटी, हातात पत्र्याची पेटी आणि पाठीवर ओली वेणी.

गावच्या बायकांनी पहिली वेणीच पाहिली.

"बाई, नदीवरनं आल्या का?"

"नाही हो. नाशिकहून, एसटीनं."

"मंग केस वले कसे?"

सुलाचे केस कधी पुरते वाळतच नसत. तिला वाढवणारी आत्या अक्काबाई लहानपणी पंच्यानं केस पुसून पुसून दमायची आणि शेवटी "थंड प्रकृती आहे पोरीची" म्हणून सोडून द्यायची. बाप सावळीराम नाशिकातच द्वारका भागात एका ट्रान्सपोर्टमध्ये मुकादम होता. मितभाषी माणूस. पोरीला शिकवण्यात त्यानं काही कमी केलं नाही. फक्त नदीवर जाऊ द्यायचा नाही, आणि गंगापूर धरणाकडं तर बोटसुद्धा दाखवायचा नाही. आई तापानं गेली, एवढंच तिला माहीत. फोटो नव्हता. आईसारखी दिसतेस, असं आत्या म्हणायची आणि विषय बदलायची.

त्या साली पाऊस आलाच नाही. दिवाळीपर्यंत बोरखळ्याच्या विहिरीचा तळ दिसला. कांद्याची रोपं वाफ्यातच करपली. गावाबाहेर बौद्धवस्तीत वीस घरं होती. कायदा काहीही म्हणो, वस्तीतल्या बायका अजून विहिरीपासून पाच पावलं लांब हंडे मांडून बसत आणि कुणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी घेत. सुलानं राहायला खोली वस्तीतच घेतली होती. पहिल्याच आठवड्यात तिनं विहिरीवर जाऊन स्वतः पोहरा सोडला, तेव्हा दोनचार जणांनी तोंडं वाकडी केली; पण मास्तरीणबाई म्हणून कुणी बोललं नाही. आता विहीरच आटल्यावर सगळेच टँकरची वाट बघत होते. त्यातही आधी गाव, मग वस्ती.

फेब्रुवारीत बोअरची गाडी आली. ट्रकवर उभा लोखंडी मनोरा, मागं कंप्रेसर, आणि चालवणारा झुंबर निकाळे. निफाडकडचा गडी, तिशीच्या आतला, डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत दगडाच्या भुकटीनं पांढरा. खंडेराव पाटलांनी दाखवलेल्या जागी त्यानं पहिलं भोक पाडलं. दोनशे फूट धुरळा निघाला. दुसऱ्या दिवशी रॉड निसटला आणि झुंबरच्या मनगटाला चांगलीच जखम झाली. शाळेत औषधाची पेटी होती, म्हणून लोकांनी त्याला तिकडं नेलं.

सुलानं पोरांना बाहेर खेळायला सोडलं. मडक्यात तळाशी जेमतेम तांब्याभर पाणी उरलं होतं. त्यातलं थोडं घेऊन तिनं जखम धुतली. धुताना तिनं त्याचं मनगट धरलं आणि तिच्या बोटांखाली त्याची नाडी लागली. एकदम तिच्या कानात लांबवर कुठंतरी पाणी वाहिल्यासारखं झालं. तिनं हात सोडला नाही. त्यानंही ओढून घेतला नाही. भुकटीखालून त्याचा सावळा, तापलेला हात दिसू लागला होता आणि दोघंही त्या हाताकडंच बघत होते.

मग झुंबर हळूच म्हणाला, "बाई, तुमचं मडकं गळतंय."

सुलानं वळून पाहिलं. मडक्याच्या काठावरून पाणी ओघळत होतं आणि जमिनीवरून तिच्या पावलांपर्यंत आलं होतं.

"गळत नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "भरतंय."

झुंबर पळून गेला नाही. खाली बसला, ओंजळ भरून पाणी प्यायला आणि म्हणाला, "ग्वाड हाय." मग पट्टी बांधून घेतली आणि कामावर गेला. सुला मात्र त्या दिवशी पोरांना एकही पाढा धड सांगू शकली नाही.

त्यानंतर तो रोज काही ना काही निमित्त काढून येऊ लागला. दुसरं भोक कोरडं गेलं, तिसरं कोरडं गेलं. संध्याकाळी ऊन उतरलं की दोघं टेकडीच्या पायथ्याशी फिरायला जात. सुला चपला काढून चालायची. जमिनीखाली जिथं ओल असेल तिथं तिच्या तळव्यांना मुंग्या यायच्या. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. झुंबरला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. "मशीनला जे कळत नाय ते तुमच्या पायाला कळतंय," एवढंच म्हणाला.

एकदा ते सुकलेल्या ओढ्यात बसले होते. वाळू दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होती. झुंबरनं विचारलं, "हात लावू का केसांना?" सुलानं मान हलवली. त्यानं वेणी सोडली. त्या केसांना वाळ्याचा आणि माठातल्या गारव्याचा वास होता. त्याची बोटं तिच्या मानेपाशी आली तेव्हा तिचे डोळे मिटले, आणि त्याचे ओठ तिच्या कानामागं टेकले तेव्हा अंगभर असं काही सळसळत गेलं की तिनं त्याचा सदरा मुठीत धरला. तो दमलेला होता, त्याच्या अंगाला लोखंडाचा आणि घामाचा वास होता, आणि तो वास तिला हवा होता. किती वेळ गेला कोण जाणे.

"सुला," तो म्हणाला. बाई म्हणायचं तो विसरला होता. "खाली बघ."

ते बसले होते तेवढी वाळू भिजली होती. त्यांच्या पावलांचे ठसे पाण्यानं भरले होते आणि ते पाणी हळूहळू वर चढत झुंबरच्या कमरेशी आलं होतं. त्याच्याभोवती ते फिरत होतं. जणू त्याला ओढू बघत होतं. सुला दचकून उठली, दूर झाली. पाणी लगेच वाळूत जिरलं.

वस्तीतली म्हातारी विठाबाई शेण्या गोळा करून येत होती. तिनं हे सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं सुलाला घरी बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"पोरी, तू आसरांपैकी हायेस."

"म्हणजे?"

"डोहात सात बहिणी ऱ्हात्यात, त्या. पाण्यातल्या बाया. माझ्या आजीनं पाहिल्या व्हत्या. त्यांचा जीव एखाद्या गड्यावर बसला ना, का त्याला खाली घेऊन जात्यात. तुझ्या बापाला इचार. आन् त्या बोअरवाल्याला जपायचं आसंल तर लांब ऱ्हा त्याच्यापून."

सुलानं रजा टाकली आणि नाशिक गाठलं.

दुपारची वेळ होती. सावळीराम जेवून ओट्यावर बसला होता. सुलानं पेटीसुद्धा खाली ठेवली नाही.

"बाबा, माझी आई कोण होती?"

सावळीरामनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्याला कळलं की आता टाळून चालणार नाही. अक्काबाई आतून पाणी घेऊन आली, ती दारातच थांबली.

"तिचं नाव सरू," तो म्हणाला. "नाव मीच ठेवलेलं. मी धरणाच्या कामावर होतो. वर नदीत एक डोह होता. दुपारच्या सुट्टीत मी तिथं भाकरी खायचो. एक दिवस ती पाण्यातनं वर आली आणि म्हणाली, अर्धी दे. मी दिली. रोज देऊ लागलो. मग ती माझ्याबरोबर घरी आली. लोकांना सांगितलं, कामावरची पोर आहे, लग्न केलं. तुझ्या आत्याला तेवढं खरं ठाऊक होतं."

"मग गेली कशी?"

"छप्पन साली आपण धम्म घेतला. मी नागपूरहून आलो. देवदेवता मानणार नाही अशी शपथ घेतली होती, मनापासून घेतली होती. आणि घरात बायको कोण? लोक जिला शेंदूर लावतात ती. मी तिला म्हणालो, आता मी काय करू? ती म्हणाली, मी देव नाही. मी कधी तुमच्याकडं नारळ मागितला? मी तुमची बायको आहे." सावळीरामनं लेकीकडं पाहिलं. "मला उत्तर सुचलं नाही, सुला. मी गप्प बसलो. तू तेव्हा पाच वर्षांची. सकाळी उठून पाहिलं तर ती नव्हती. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत ओली पावलं होती. पुढं धरणाचं पाणी वाढलं आणि तो डोहच खाली गेला. कुठं शोधणार?"

अक्काबाई म्हणाली, "यंदा धरण आटलंय, सावळ्या. पेपरात आलंय. जुनी शेतं, बांध, सगळं वर आलंय म्हणे."

सावळीराम उभा राहिला. इतकी वर्षं जो माणूस तिकडं बघत नव्हता, त्यानं खुंटीवरचा कोट घेतला.

त्याच दुपारच्या बसनं ते दोघं गंगापूर रोडनं निघाले. धरणाच्या पोटात मैलभर भेगाळलेला चिखल होता. त्यातून सावळीराम न चुकता चालत गेला. काळ्या कातळाच्या कड्याखाली डोह उघडा पडला होता, हिरवागार, तळ न दिसणारा. काठावर सात दगड होते. त्यांच्यावरचा शेंदूर केव्हाच धुऊन गेला होता.

सुलानं पाणी हातात घेतलं. हाक मारायची गरज पडली नाही.

पाणी दुभंगलं आणि ती वर आली. सुलाचाच चेहरा, सुलाचेच ओले केस. वय पंचविशीचं, जसं ती गेली त्या दिवशी होतं तसंच. मायलेकी समोरासमोर उभ्या राहिल्या तर बहिणी दिसत होत्या. सरूनं लेकीच्या गालावर हात ठेवला. त्या गार हाताची ओळख सुलाच्या अंगाला होती. पाच वर्षं ज्या हातानं न्हाऊ घातलं तो हात ती विसरली नव्हती. ती आईच्या गळ्यात पडली आणि पोटभर रडली.

"का सोडून गेलीस मला?"

"तुला खाली आणलं असतं तर तू माणूस राहिली नसतीस. तुझ्या बापाला माणूस हवं होतं. मी त्याच्याकडं माणूस ठेवून आले." मग तिनं सावळीरामकडं पाहिलं. "ह्यांनी मला जा म्हटलं नाही. राहा पण म्हटलं नाही."

सावळीरामचे केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. तो चिखलात गुडघ्यापर्यंत उभा होता.

"राहा," तो म्हणाला. "सतरा वर्षं उशीर झाला. पण म्हणतो. तू देव नाहीस, हे तू तेव्हाच सांगितलं होतंस. मला ते कळायला इतका वेळ लागला. राहा, सरू."

सरू हसली. ते हसू पाहून सुलाला पहिल्यांदा कळलं की आपला बाप कधीकाळी किती भाग्यवान होता. "मी आता डोह सोडून द्वारकेच्या चाळीत येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही इकडं या."

"येतो," सावळीराम म्हणाला. आणि तो खरंच गेला. त्याच उन्हाळ्यात मुकादमी सोडून त्यानं धरणाच्या काठी एक झोपडी बांधली आणि मरेपर्यंत तिथंच राहिला. अक्काबाई भाकरी घेऊन जायची, ती नेहमी तिघांपुरत्या भाकरी बांधायची.

निघण्याआधी सुलानं झुंबरचं विचारलं. तो पाण्यात ओढला जाईल का?

"तू काय केलंस, पाणी वर चढायला लागलं तेव्हा?"

"घाबरले. दूर झाले."

"त्याच्याही आधी. तू त्याला हवं म्हणत होतीस आणि आतून अडवतही होतीस. अडवलेलं पाणी फिरतं, भोवरा होतो, माणूस खेचतं. माझ्या बहिणींनी तेच केलं. लाजत राहिल्या, लपत राहिल्या, आणि मग एकदम ओढून नेलं. तू लपू नकोस. सगळ्यांसमोर हो म्हण. पाण्याला जागा दे, ते तुमच्यामधून वाहून पुढं जाईल." तिनं लेकीची वेणी हातात घेतली. "की इथंच येतेस? खाली तहान नाही, ऊन नाही."

सुलानं क्षणभर त्या हिरव्या पाण्याकडं पाहिलं. ते तिला ओळखत होतं, यात शंका नव्हती.

"नको," ती म्हणाली. "बोरखळ्यात माणसं तहानेली आहेत. आणि माझी रजा दोनच दिवसांची आहे."

ती परत पोचली तेव्हा बोअरची गाडी गाव सोडायच्या तयारीत होती. चार भोकं कोरडी गेली होती. झुंबर रॉड चढवत होता. सुला सरळ त्याच्यापाशी गेली आणि डोह, आई, बाप, सगळं एका दमात सांगितलं. सांगताना तिच्या ओठांवरून त्याची नजर हलत नव्हती.

"धोका आहे," ती शेवटी म्हणाली. "मला वाटतं काही होणार नाही, पण खात्री नाही. पोहता येतं का तुम्हाला?"

"नाय." तो पांढऱ्या पापण्यांमधून हसला. "तुम्ही शिकवा."

सुला अनवाणी सगळ्या गावातून चालत गेली. पाटलांचा मळा गेला, देवळासमोरची जागा गेली, चावडी गेली. ती बौद्धवस्तीच्या मधोमध, विठाबाईच्या अंगणापुढं येऊन थांबली. तिचे तळवे भाजल्यासारखे झिणझिणत होते.

"इथं."

खंडेराव पाटील पुढं आले. "बाई, गावाचा बोअर गावात व्हायला पायजे. वस्तीत पाणी लागलं तर गावानं काय वस्तीत यायचं?"

"वस्ती गावातच आहे, पाटील," सुला म्हणाली. "पाच पावलं लांब बसवली म्हणून काही दुसऱ्या गावाला गेली नाही."

पाटलांनी झुंबरकडं पाहिलं. झुंबरनं गाडी आधीच वळवली होती.

मशीन सुरू झालं. सगळं गाव जमलं. पन्नास फूट, शंभर फूट, दीडशे फूट. धुरळाच धुरळा. लोक हसू लागले, काही घराकडं वळले. झुंबरनं मशीन बंद करून सुलाकडं पाहिलं.

सुला पुढं झाली. पाचशे माणसांसमोर तिनं त्याचे ऑइलनं माखलेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तिचं सगळं अंग त्याच्याकडं ओढ घेत होतं आणि या वेळी तिनं काहीही अडवलं नाही. लाज नाही, भीती नाही. तिनं त्याच्या छातीवर कपाळ टेकलं आणि मोठ्यानं म्हणाली, "मला हा माणूस हवाय."

बायांनी तोंडावर पदर घेतले. कुणीतरी शिवी घातली, ती अर्धीच राहिली. जमिनीखालून आधी धडधड ऐकू आली. मग भोकाच्या तोंडातून ओला वारा आला, आणि मग पाणी आलं. मनोऱ्याच्याही वर उडालं, घरांच्या कौलांवर पडलं, माणसांच्या वासलेल्या तोंडात पडलं. पोरं किंचाळत नाचू लागली. विठाबाई अंगणात बसून लुगड्यासकट भिजत राहिली. पाण्याच्या त्या माऱ्याखाली झुंबर आणि सुला एकमेकांना धरून उभे होते. ते पाणी त्यांच्या अंगावरून वाहत पुढं जात होतं. झुंबरला त्यानं खाली ओढलं नाही.

थोड्या वेळानं गावातल्या बायका हंडे घेऊन आल्या आणि वस्तीच्या कडेला थबकल्या. पुढं यावं की नाही, कळेना. वस्तीतली शकुबाई, जिनं आयुष्यभर पाच पावलं लांब बसून पाणी घेतलं होतं, ती कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत उभी राहिली. तिच्या मनात काय काय आलं असेल ते तिलाच ठाऊक. मग तिनं सगळ्यात पुढच्या बाईचा, पाटलांच्या सिंधुबाईचा, हंडा तिच्या हातातून घेतला, भरला आणि परत दिला.

"उद्यापून आपला आपण भरायचा," शकुबाई म्हणाली. "मी काय रोज भरून द्याची नाय."

सिंधुबाई खाली मान घालून हसली, आणि मग सगळ्याच हसल्या. रांग एकच लागली.

संध्याकाळी कुणी हळदकुंकू आणि नारळ घेऊन सुलाच्या पाया पडायला आलं. तिनं पाय मागं घेतले. "मी देवी नाही. मी बाई आहे, शाळेत शिकवते, आणि पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. नारळ फोडायचा असेल तर पोरांना खोबरं वाटा."

लग्न वस्तीत लागलं, बुद्धवंदना म्हणून, पांढऱ्या साडीत. त्यानंतरच्या पहिल्या दुपारी दोघं आपल्या खोलीत होती. बाहेर उन्हानं पत्रे कडकड वाजत होते आणि आत गारवा होता. झुंबरनं तिच्या खांद्यावरून ओले केस बाजूला केले, ओठांनी तिच्या पाठीवरून खाली खाली उतरत गेला. सुलानं त्याला आपल्याकडं ओढून घेतलं. त्याच्या अंगाचा ताप तिच्या अंगात उतरला आणि तिचा गारवा त्याच्यात. कोपऱ्यातला हंडा भरून वाहू लागला, मग कळशी, मग तांब्या, मग पितळेची वाटीसुद्धा.

"पोहतोय का मी?" त्यानं तिच्या कानाशी विचारलं.

"चांगलं पोहताय," सुला म्हणाली आणि दोघंही हसू लागली.

पुढच्या चौदा वर्षांत त्या दोघांनी चांदवडच्या त्या कोरड्या पट्ट्यात एकतीस गावांना पाणी दिलं. सुट्टीच्या दिवशी झुंबरच्या गाडीत बसून सुला जायची आणि चपला काढून चालायची. तिची एकच अट असायची, जागा गावातल्या कुठल्याही वस्तीत निघो, पाणी सगळ्यांनी एका रांगेत भरायचं. दोन गावांनी नाही म्हटलं. तिथून ती चहा पिऊन परत आली. वर्षभरात त्या दोन्ही गावांची माणसं शाळेत येऊन तिला बोलावून गेली.

सत्त्याऐंशी साली मुंबईहून पाणी खात्याचे एक साहेब आले. त्यांना कागदावर नोंद हवी होती, की एकतीसपैकी एकतीस बोअर लागतात कसे. त्यांनी फॉर्म काढला, भूस्तर विचारला, खोली विचारली आणि मग पेन रोखून म्हणाले, "आणि शोधायची पद्धत? काय लिहू?"

सुलानं झुंबरकडं पाहिलं. चाळिशी ओलांडलेल्या झुंबरच्या मिशीत पांढरे केस आले होते. सुलाच्या केसांत एकही नव्हता.

"लिहा," झुंबर म्हणाला, "नवरा-बायको."

साहेबांना वाटलं थट्टा आहे. त्यांनी रकाना रिकामा सोडला, चहा घेतला आणि जीपमध्ये बसले. सुला आणि झुंबर त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत गेले, सुला अनवाणी. परत पायी येताना बाभळीच्या रानात ती मधेच थांबली आणि पुढं गेलेल्या झुंबरला हाक मारून म्हणाली, "गाडी काढा. इथं खाली कुणीतरी जोरात वाहतंय."